आयोगाने पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी

प्रति,
मा. न्यायमूर्ती व्ही. रामसुब्रमणियन,
अध्यक्ष, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग,
मानव अधिकार भवन, नवी दिल्ली



हे पत्र मराठीत लिहितो आहे. आपल्या आयोगाकडे आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत तक्रार करता येते आणि तिला शुल्क पडत नाही. आयोगाच्या साऱ्या रचनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही तरतूद. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. वकिलाची फी, तारखांमागून तारखा, साक्षीदारांवरचा दबाव आणि ज्याच्याविरुद्ध उभे राहायचे त्याच्याच हातातली लाठी, हे सगळे सोसलेल्या माणसांनी हा सल्ला दिला. ज्यांच्याने ती पायरी चढवत नाही, त्यांच्या वतीने ती चढेल अशी एक संस्था असावी म्हणून १९९३ साली देशाने आपला आयोग उभा केला. माझे सांगणे एवढेच आहे की आयोगाने ती पायरी पुन्हा चढायला सुरुवात करावी. त्यासाठी संसदेच्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. अध्यक्षांनी ठरवले तर ते होते आणि पूर्वी झालेले आहे.

मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांच्या जागतिक आघाडीच्या मान्यता उपसमितीने भारताच्या आयोगाचा 'ए' दर्जा काढून 'बी' दर्जा द्यावा, अशी शिफारस केली. १९९९ पासून आपल्याकडे 'ए' दर्जा होता. २०१६ साली तो लांबणीवर टाकला गेला आणि २०१७ मध्ये परत मिळाला. २०२३ आणि २०२४ मध्ये निर्णय पुन्हा लांबला. 'ए' दर्जाच्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत सरकारपासून वेगळे, स्वतःच्या नावाने बोलता येते. म्हणजे प्रश्न मानापमानाचा नाही, जगासमोर भारतीय नागरिकांच्या वतीने सरकारहून निराळा आवाज उमटणार की नाही, याचा आहे.

हे परदेशी मंडळींचे कारस्थान आहे, असे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांसाठीच्या ज्या पॅरिस तत्त्वांवर ही तपासणी होते, त्यांचा स्वीकार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० डिसेंबर १९९३ रोजी केला. आपला अध्यादेश त्याच वर्षीच्या २८ सप्टेंबरचा आणि आयोगाची स्थापना १२ ऑक्टोबरची. सरकारपासून स्वतंत्र असा आयोग हवा, हे आपण आमसभेच्या ठरावाच्याही काही आठवडे आधी मान्य केले होते. उपसमितीने बोट ठेवले ते नेमणुकांवर, सरकारकडून येणाऱ्या सरचिटणीसावर, तपासात गुंतवलेल्या पोलीस अधिकाऱ्यांवर, आयोगातल्या तोकड्या वैविध्यावर आणि नागरी संघटनांशी तुटत चाललेल्या संवादावर. या तक्रारी आपल्याच देशातले कार्यकर्ते, वकील आणि निवृत्त न्यायाधीश कितीतरी वर्षे करत आले आहेत.

आयोगाच्या इतिहासातले काही प्रसंग इथे मांडतो. ते आपल्याला ठाऊक आहेत, याची मला खात्री आहे. तरीही मांडतो, कारण आयोगाचे सामर्थ्य कशात आहे हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्या प्रसंगांत जास्त स्पष्ट दिसते.

पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाची चौकशी त्यांनी केली होती आणि त्या अहवालाने सत्ताधाऱ्यांना सांभाळून घेतले, अशी अनेकांची तीव्र भावना होती. त्यामुळे नवा आयोग म्हणजे केवळ जगाला दाखवायची पाटी ठरेल, अशी शंका घेतली गेली. पण १४ डिसेंबर १९९३ रोजी, म्हणजे स्थापनेला दोन महिने होताच, आयोगाने राज्यांना कळवले की कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची आणि बलात्काराची खबर २४ तासांच्या आत आमच्याकडे आली पाहिजे. आज आपल्याकडे कोठडीतल्या मृत्यूंची जी काही मोजदाद आहे, ती बऱ्याच अंशी त्या एका पत्रामुळे आहे. १९९५ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायमूर्तींनी सर्व खासदारांना पत्र लिहून टाडा या दहशतवादविरोधी कायद्याची मुदत वाढवू नका, असे बजावले. मुंबईतले बॉम्बस्फोट ताजे होते, पंजाब आणि काश्मीर धुमसत होते. अशा काळात हे सांगायला धैर्य लागते. त्या मे महिन्यात टाडाची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. नेमणुकीच्या वेळच्या शंकांना अध्यक्ष आपल्या कामातून उत्तर देऊ शकतो, हे त्यांनी दाखवले.

अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांचेही तसेच. सुमारे ६५ हजार माणसांना राज्य सोडून जाण्याची धमकी मिळत होती आणि राज्य सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहत नव्हते. आयोग स्वतः याचिकाकर्ता होऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ चा निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. नागरिक असो वा नसो, भारताच्या भूमीवर असलेल्या प्रत्येकाच्या जिवाचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण राज्याने केलेच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. खटल्याच्या नावातच याचिकाकर्ता म्हणून आयोगाचे नाव आहे.

आणि मग २००२. गुजरातमध्ये हिंसाचार उसळला तेव्हा न्यायमूर्ती जे. एस. वर्मा अध्यक्ष होते. मुंबईच्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर सदस्य होत्या. पाच वर्षांपूर्वी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखा निकाल देणाऱ्या खंडपीठावर हे दोघेही बसले होते. आयोगाने १ मार्चलाच स्वतःहून दखल घेतली, त्याच महिन्यात पथक गुजरातला गेले आणि १ एप्रिलच्या टिपणात राज्य सरकार नागरिकांच्या रक्षणात अपयशी ठरल्याचे स्पष्ट लिहिले. सोबतचा गोपनीय अहवाल मे अखेरीस लोकांसमोर ठेवला. पाच प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे द्या, असेही सांगितले. गोध्रा, गुलबर्ग सोसायटी, नरोडा पाटिया, सरदारपुरा आणि वडोदऱ्याची बेस्ट बेकरी ही ती पाच प्रकरणे.

बेस्ट बेकरीत १४ माणसे मारली गेली होती. २७ जून २००३ रोजी तिथल्या जलदगती न्यायालयाने सर्व २१ आरोपींना सोडले, कारण साक्षीदार एकामागून एक फिरले. तोवर न्यायमूर्ती ए. एस. आनंद अध्यक्ष झाले होते. खटला संपला, आता काय करणार, असे आयोग म्हणाला नाही. त्याने नोंदी मागवल्या आणि ३१ जुलैला सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. हा खटला गुजरातबाहेर पुन्हा चालवा, अशी तिची मागणी होती. नंतर मुख्य साक्षीदार आणि नागरी संघटनाही न्यायालयात आल्या. १२ एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला आणि तो महाराष्ट्रात चालवायचा ठरला.

मुंबईत चाललेला तो खटला साधा नव्हता. साक्षीदार इथेही फिरले, मुख्य साक्षीदाराला पुढे खोटी विधाने केल्यामुळे न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगवास झाला. तरीही फेब्रुवारी २००६ मध्ये विशेष न्यायालयाने नऊ जणांना दोषी ठरवले. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांची सुटका केली आणि चौघांची जन्मठेप कायम ठेवली. पुरावा तपासून कुणाला सोडले, कुणाला नाही. न्याय म्हणतात तो हाच. वडोदऱ्यात बंद झालेली फाइल मुंबईत उघडली गेली, त्याची सुरुवात दिल्लीतल्या आपल्या कार्यालयातून झाली होती. २००८ मध्ये न्यायालयाने गुजरातच्या नऊ प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमले, तेही आयोगाच्याच याचिकेवर.

महोदय, यातली एकही गोष्ट आयोगाने आज नसलेल्या अधिकारातून केली नाही. मानवी हक्क संरक्षण कायद्याचे कलम १८ तेव्हाही होते आणि आजही आहे. चौकशीनंतर आयोगाला सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात जाता येते, असे ते सांगते. कलम १२ आयोगाला चालू खटल्यात न्यायालयाच्या परवानगीने बाजू मांडू देते. फरक पडला तो खुर्चीवर बसलेल्या माणसांच्या निश्चयात.

याच्या शेजारी २०२३ चे मणिपूर ठेवून पाहावे. मेमध्ये हिंसा सुरू झाली. दोनशेहून अधिक माणसे मेली, हजारो कुटुंबे छावण्यांत गेली. आयोगाने नोटिसा काढल्या. पण देश हादरला तो जुलैमध्ये दोन स्त्रियांच्या विटंबनेची चित्रफीत पसरल्यावर, आणि स्वतःहून दखल घेऊन सरकारला जाब विचारला तो सर्वोच्च न्यायालयाने. ऑगस्टमध्ये न्यायालयाने माजी न्यायाधीश गीता मित्तल यांच्या नेतृत्वाखाली तीन स्त्री न्यायाधीशांची समिती नेमली. तीत मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी होत्या. तपासावर देखरेख ठेवण्याचे काम महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांच्याकडे दिले. छावण्या पाहणे, पुनर्वसनावर लक्ष ठेवणे, तपासाची दिशा तपासणे हे सारे कायद्याने ज्याचे काम आहे तो आयोग देशात असताना न्यायालयाला निराळी यंत्रणा उभारावी लागली. २००२ मध्ये न्यायालयाला जागे करणारा आयोग २०२३ मध्ये न्यायालयाच्या मागे राहिला. मला या सगळ्यात सर्वांत जास्त बोचते ते हे.

२०१६ साली मणिपूरच्याच १५२८ कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आयोगाने स्वतःचे वर्णन दात नसलेला वाघ असे केले होते. शिफारशी बंधनकारक नाहीत, सशस्त्र दलांविरुद्ध कलम १९ नुसार केंद्राकडून अहवाल मागवण्यापलीकडे जाता येत नाही, घटनेला वर्ष उलटले की कलम ३६ आड येते, माणसे अपुरी, पैसा अपुरा. हे अडथळे खोटे नाहीत आणि संसदेने ते दूर करायलाच हवेत. पण त्याच कायद्याच्या चौकटीत टाडाविरुद्ध पत्र लिहिले गेले, चकमा वाचले आणि बेस्ट बेकरीचा खटला मुंबईला आला. अडथळ्यांची यादी वाचून कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईचे समाधान होत नाही.

आता महाराष्ट्रातली दोन उदाहरणे. फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते. पार्किन्सनने हात थरथरत, पेला धरता येत नसे. भीमा-कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून त्यांना अटक झाली आणि ते तळोजाच्या तुरुंगात आले. पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. २०२१ च्या मे अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवले गेले. आयोगाने त्यांच्या उपचारांबद्दल महाराष्ट्र सरकारला नोटीस काढली ती ४ जुलै २०२१ रोजी, ते व्हेंटिलेटरवर असताना. ५ जुलैला ते गेले. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हे ठरवायची वेळच आली नाही. पण कच्चा कैदी म्हणून त्यांच्या देहाची जबाबदारी राज्यावर होती आणि ते राज्य जबाबदारी पाळते आहे ना, हे पाहणे आयोगाचे काम होते. आजारी कैद्याच्या बाबतीत उशिरा निघालेल्या नोटिशीचा उपयोग फक्त फाइलीला होतो.

दुसरे उदाहरण परभणीचे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर पेटले, धरपकड झाली. पकडलेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. आधी मृत्यू हृदयविकाराने झाल्याचे सांगितले गेले, शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवायला त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावे लागले, तोवर जुलै २०२५ उजाडला होता. ही आई खंबीर होती आणि तिच्यामागे समाज उभा राहिला. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावरच्या आईने काय करायचे? तिच्या गावापासून खंडपीठ शेकडो किलोमीटरवर. तिच्या हातात असतो पोलिसांनी सही घेतलेला एक कागद आणि गावातल्या कुणीतरी लिहून दिलेला अर्ज. तो अर्ज आपल्याकडे येतो.

त्या अर्जाचे पुढे काय होते, ते आपण एकदा अर्जदाराच्या जागी बसून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अनेक तक्रारी दाखल होताच निकाली निघतात. अनेक तक्रारी निर्देशासह निकाली निघतात, म्हणजे योग्य ती कारवाई करावी असे लिहून संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवल्या जातात. तक्रार पोलिसांविरुद्ध असेल, तर संबंधित अधिकारी म्हणजे पुन्हा पोलीसच. दिल्लीला गेलेला कागद खाली घरंगळत त्याच ठाण्याच्या टेबलावर येतो आणि अर्जदाराला बोलावणे येते, दिल्लीला कशाला लिहिलेस? हक्क मागणाऱ्या माणसाचे नाव त्याला छळणाऱ्यापर्यंत पोहोचवणे हा आयोगाच्या हातून नकळत घडणारा अन्याय आहे. तो थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

नेमणुकीबद्दलही मोकळेपणाने लिहायला हवे. पंतप्रधान, लोकसभा अध्यक्ष, गृहमंत्री, राज्यसभेचे उपसभापती आणि दोन्ही सभागृहांचे विरोधी पक्षनेते मिळून अध्यक्षांची निवड करतात. रचना अशी आहे की विरोधी पक्षाचे दोन्ही आवाज कोणत्याही वेळी बाजूला ठेवता येतात. २०१९ च्या दुरुस्तीने माजी सरन्यायाधीशांबरोबर सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशांनाही दार उघडले, मुदत पाचवरून तीन वर्षांवर आणली आणि फेरनेमणुकीची वाट मोकळी ठेवली. फेरनेमणुकीची शक्यता असणारा अध्यक्ष सरकारला दुखवताना दोनदा विचार करेल, ही भीती अनाठायी नाही. २०२१ मध्ये विरोधी पक्षनेत्याने असहमती नोंदवली. जून २०२४ मध्ये अध्यक्षपद रिकामे झाले ते वर्ष संपेपर्यंत तसेच राहिले. आपली निवड झाली तेव्हाही मल्लिकार्जुन खरगे आणि राहुल गांधी यांनी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन आणि न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांची नावे सुचवून असहमती लेखी दिली. हा आपल्यावर व्यक्तिशः आक्षेप आहे असे मी मानत नाही, आक्षेप पद्धतीवर आहे. पण त्यामुळे आपल्यावर एक जास्तीचे ओझे आले आहे. रंगनाथ मिश्रांवरही ते होते आणि त्यांनी ते कसे उतरवले, ते वर लिहिलेच आहे.

आता, कायदा न बदलता आपल्याला काय करता येईल, ते मागण्यांच्या रूपात मांडतो.

पहिली मागणी न्यायालयाची. कोठडी मृत्यू आणि चकमकींच्या ज्या प्रकरणांत सरकारांनी आयोगाच्या शिफारशी नाकारल्या, त्यांची यादी दरवर्षी जाहीर करावी आणि त्यांतली ठळक प्रकरणे कलम १८ खाली उच्च न्यायालयांत न्यावीत. सगळी नेता येणार नाहीत. पण आयोग न्यायालयात येऊ शकतो, एवढे कळले तरी गृहखात्यांच्या उत्तरांचा सूर बदलेल. मुंबई पोलिसांच्या १९९५ ते १९९७ मधल्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली होती. त्या प्रकरणात चकमकींच्या तपासाची नियमावली २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मिळाली, ती एका नागरी हक्क संघटनेच्या चिकाटीमुळे. अशा लढाईत संघटनांना एकटे सोडू नये. नुकसानभरपाईची शिफारस हा शेवट मानू नये. पैसे सरकारी तिजोरीतून जातात आणि मारणारा नोकरीत राहतो. जिथे पुरावा आहे तिथे खटल्याची शिफारस झालीच पाहिजे.

दुसरी मागणी तपासाची. कायद्याने आपला तपास विभाग पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याखाली चालतो आणि अधिकारी सरकारकडून येतात. त्यांतले अनेक प्रामाणिक असतील. पण जो उद्या आपल्या मूळ केडरमध्ये परतणार आहे, त्याने आपल्याच खात्यातल्या सहकाऱ्यांना दोषी ठरवावे, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. कलम ११ खाली आयोगाला स्वतःचे तांत्रिक आणि वैज्ञानिक कर्मचारी नेमता येतात. न्यायवैद्यक डॉक्टर, निवृत्त जिल्हा न्यायाधीश, वकील, सामाजिक कार्यकर्ते यांची पथके तयार करावीत आणि कोठडी मृत्यूच्या चौकशीत निर्णायक मत त्यांचे असावे. सरचिटणीसही सरकार देते आणि २०१९ पासून प्रशासकीय व आर्थिक अधिकार त्याच्याकडे आहेत. मात्र कायदा म्हणतो की ते अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली वापरायचे. हे नियंत्रण रोजच्या कामात दिसू द्यावे. पथके नेमायच्या आड सरकारचे नियम येत असतील, तर तसे संसदेला लेखी कळवावे.

तिसरी मागणी वेळेची. जिवंत माणसाची तक्रार मेलेल्या माणसाच्या फाइलीच्या रांगेत बसू नये. आजारी कैदी, कोठडीतली मारहाण, बेपत्ता केलेली व्यक्ती यांच्यासाठी दिवसरात्र चालणारा वेगळा कक्ष असावा आणि त्याचा निर्णय तासांत व्हावा. सरकारी अहवालाची वाट न पाहता चौकशी सुरू करायला कलम १७ परवानगी देते. तुरुंगाला भेट देण्याआधी राज्याला कळवण्याची अट २००६ मध्येच काढून टाकली आहे. आपण किंवा आपले सदस्य न सांगता तळोजाला, हर्सूलला, येरवड्याला आले, तर कैद्यांच्या बराकीत त्या दिवशी जे दिसेल ते कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते.

चौथी मागणी तक्रारदाराची. पोलिसांविरुद्धची तक्रार त्याच ठाण्याकडे किंवा त्याच जिल्ह्याच्या अधीक्षकाकडे पाठवू नये. तक्रार निकाली काढताना दोन ओळींत का होईना, कारण द्यावे, आणि ते तक्रारदाराच्या भाषेत द्यावे. मराठीत, गोंडीभाषक भागात शक्य तिथे गोंडीत सुद्धा. ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा राज्यसंस्थेकडे न्याय मागितला, त्याला समजेल असे उत्तर मिळणे हा दानधर्म नाही, तो त्याचा हक्कच आहे.

पाचवी मागणी मोकळेपणाची. वार्षिक अहवाल संसदेपुढे येईपर्यंत घटनांवर धूळ बसलेली असते. पण कलम २० खाली तातडीच्या विषयावर विशेष अहवाल कधीही देता येतो आणि सरकारने तो, काय केले व का केले नाही याच्या निवेदनासह, संसदेपुढे ठेवायचा असतो. आपण कोठडी मृत्यूंवर असा एक विशेष अहवाल द्यावा. देशातल्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला, तो कुठे पाळला गेला आणि कुठे नाही, हे त्यात असावे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, ती पक्की करा असे विधी आयोगाने २०१७ च्या अहवालात सांगितले. तरी छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा देशात नाही, हेही त्यात असावे. आयोगाला कोणते दात हवे आहेत ते कलमानिशी लिहावे. कलम १९ काय बदलायचे, कलम ३६ ची वर्षाची मर्यादा किती शिथिल करायची, तीन वर्षांऐवजी फेरनेमणूक नसलेली पाच वर्षे का हवीत, निवड समितीत किमान एका विरोधी पक्षनेत्याची संमती अनिवार्य का करायची. असा अहवाल संसदेच्या पटलावर आला की उत्तर देण्याची जबाबदारी सरकारवर येते.

असे केल्यास सरकार नाराज होईल. जगात अन्यत्रही तसे घडले आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत होणाऱ्या हत्यांची चौकशी केल्याबद्दल २०१७ साली फिलिपिन्सच्या मानवी हक्क आयोगाचा वर्षाचा निधी एक हजार पेसोवर आणण्याचा ठराव तिथल्या कनिष्ठ सभागृहाने संमत केला. लोक रस्त्यावर आले, समाजमाध्यमांवर संताप उसळला आणि निधी परत द्यावा लागला. लोकांनी आयोगाची बाजू घेतली, कारण आयोगाने आधी लोकांची बाजू घेतली होती. आपल्या आयोगाचा निधी उद्या कुणी कापला, तर भारतातले लोक रस्त्यावर येतील का? या प्रश्नाचे आजचे प्रामाणिक उत्तर मला अस्वस्थ करते, आणि हे पत्र लिहायला लावणारी अस्वस्थता तीच आहे. दर्जाची अक्षरे जिनिव्हात ठरोत, आयोगाचा खरा दर्जा परभणीत, इंफाळमध्ये, बस्तरमध्ये ठरतो. जम्मू-काश्मीरमध्ये तर अधिकच, कारण तिथला राज्य आयोग २०१९ मध्ये बंद झाल्यापासून तिथल्या लोकांना दिल्लीवाचून दुसरे दार नाही.

न्यायाधीश असताना आपण लिहिलेला एक निकाल मला या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. कौशल किशोर प्रकरणात, जानेवारी २०२३ मध्ये, घटनापीठाच्या बहुमताच्या वतीने आपण लिहिले आहे की नागरिकाच्या जीविताला आणि स्वातंत्र्याला दुसऱ्या खाजगी व्यक्तीकडून धोका असेल, तरी त्याचे रक्षण करण्याचे सकारात्मक कर्तव्य राज्यावर आहे. राज्याने स्वतः छळ न करणे पुरेसे नाही, दुसऱ्याकडून होणारा छळही त्याने रोखला पाहिजे. हा विचार इतका पुढे नेणारे न्यायमूर्ती आज अशा आयोगाचे अध्यक्ष आहेत, ज्याच्याकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारींत छळणारे खुद्द राज्यच असते. खाजगी माणसापासून रक्षण करण्याचे कर्तव्य आपण राज्यावर ठेवलेत. राज्यापासून रक्षण करण्याचे कर्तव्य संसदेने आपल्यावर ठेवले आहे.

आपली मुदत तीन वर्षांची आहे. न्यायालयात एक याचिका दाखल करायला, एका तुरुंगात न सांगता जायला, एक विशेष अहवाल लिहायला एवढा काळ भरपूर आहे. यांतली पहिली गोष्ट आधी करावी. ज्या प्रकरणात सरकारने आपली शिफारस फेटाळली, असे एखादे प्रकरण निवडावे आणि मेलेल्या माणसाच्या कुटुंबाच्या वतीने, आयोगाच्या नावाने, उच्च न्यायालयात उभे राहावे. त्या दिवशी कोर्टाची पायरी न परवडणाऱ्या या देशातल्या साऱ्या माणसांना कळेल की त्यांच्या वतीने पायरी चढणारे कुणीतरी आहे.

आपला नम्र,
महाराष्ट्रातील एक नागरिक